मुंगी, शेजारी कवटी

डब्यांवर चित्रे काढण्याचा हुकूम आला तो एका माणसाचा पाय भाजल्यानंतर. गोष्ट कातडी कमावण्याच्या कारखान्यातली. एका कामगाराने पाणी समजून भलताच कॅन उपडा केला, त्यातले रसायन पायावर सांडले, आणि घोट्याखालची कातडी अशी सुटून आली की जन्मभर जनावरांची कातडी हाताळलेली माणसेही डबे तसेच टाकून जेवणावरून उठली. कॅनवर नाव होते, पण इंग्रजीत. त्या बिचाऱ्याला ते काळे की गोरे हेही ठाऊक नव्हते.

पंधरा दिवसांनी मुख्य कचेरीतून परिपत्रक आले. ‘प्रत्येक रसायनाचे नाव कामगारांना अर्थासह समजेल अशा भाषेत लिहावे. सोबत ठळक चित्र व धोक्याची खूण असावी.’ लिहिणाऱ्याला एवढेच म्हणायचे होते की, बाबांनो, हे अंगावर पडले तर काय होते ते सांगा. पण त्याने ‘अर्थासह’ असा शब्द वापरला, आणि तो कागद कारखान्याच्या स्टोअरकीपरच्या टेबलावर येऊन पडला.

स्टोअरकीपरची नोकरीची एकतीस वर्षे झाली होती, निवृत्तीला एक उरले होते. कामगार त्याला मागे ‘काटा’ म्हणत. वजनकाट्यासारखा अचूक म्हणून, आणि पायात रुततो म्हणूनही. परिपत्रकातला एकही शब्द तो वाया जाऊ देत नसे. ‘अर्थासह’ म्हटले आहे ना, मग प्रत्येक नावाचा अर्थ शोधलाच पाहिजे.

“फॉर्मिक म्हणजे काय हो?” त्याने संध्याकाळी शेजारच्या मास्तरांना गाठले. मास्तर शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि नऊ वर्षे कुणीतरी काहीतरी विचारील याची वाट पाहत होते.

“वा! बसा.” मास्तरांनी चष्मा पुसला. “फॉर्मिका म्हणजे लॅटिनमध्ये मुंगी. मुंगी चावली की आग होते ना? ते हेच आम्ल. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी लोकांनी चक्क मुंग्या गोळा केल्या, भांड्यात तापवल्या आणि जी वाफ निघाली ती गार करून हे आम्ल मिळवलं. म्हणून नाव मुंगीचं!”

“म्हणजे मुंगीचं आम्ल?”

“शंभर टक्के. आता कारखान्यात करतात म्हणा, मुंग्यांचा काही संबंध नाही. पण नाव चिकटलं ते चिकटलं.”

“अचूक आहे ना पण?”

“अहो, मी बेचाळीस वर्षं शिकवलंय!”

स्टोअरकीपर खूश होऊन घरी आला. आत बायको त्याच्या आईच्या पलंगाशी ओणवी होऊन काहीतरी वेचत होती. आई चार वर्षांपूर्वी मोरीत पडली तेव्हापासून अंथरुणाला खिळली होती. शरीर खिळले, जीभ नव्हे. सून ही तिच्या लेखी सकाळी कैदाशीण, दुपारी अवदसा आणि संध्याकाळी नुसतीच ‘ही’ असे.

“अहो, मुंग्यांची पावडर आणलीत?” बायकोने विचारले.

“उद्या.”

“परवाही उद्याच म्हणालात. गोड औषधाच्या वासाने येतात. आता पाठीच्या जखमेपर्यंत चढायला लागल्यात. मी एकेक वेचून काढते आणि त्या मला शिव्या देतात.”

“मुंग्या?”

“तुमच्या आई!”

“मला टोचतेय ही कैदाशीण!” आतून म्हातारी ओरडली.

“अगं, दोन-चार मुंग्यांनी काय होतंय?” स्टोअरकीपर कागद पुढे ओढत म्हणाला. “मला आधी हा मुंगीचा अर्थ नीट लिहून काढू दे.”

बायकोने त्याच्याकडे पाहिले आणि परत वेचू लागली.

दुसऱ्या दिवशी रंगारी आला. पाट्या रंगवण्यात हयात गेलेला माणूस; पण आजवर त्याला अक्षरेच काढायला मिळाली होती, चित्र कुणी सांगितले नव्हते. मुंगी म्हटल्यावर तो हरखला. निळ्या कॅनवर त्याने वीतभर लांब, काळीभोर, मिशा उगारलेली मुंगी काढली. “पाय मोजून घ्या. सहाच्या सहा आहेत,” तो म्हणाला.

“आणि धोक्याची खूण?”

“काढतो की.” मुंगीच्या शेजारी त्याने तितकीच मोठी कवटी काढली, खाली दोन हाडे. मुंगीने एवढी जागा खाल्ली होती की ‘मुंगीचे आम्ल’ यातले ‘मुंगीचे’ मोठे आले आणि ‘आम्ल’ कॅनच्या वळणावर मागच्या बाजूला गेले. ॲसिटिक आम्लाच्या कॅनवर, नाव आंबवलेल्या द्राक्षरसावरून पडले म्हणून, त्याने द्राक्षांचा टपोरा घड काढला. तो कॅन कुलपात असे. नसता तर काय झाले असते, हा विचार पुढे बऱ्याच जणांच्या मनात आला आणि त्यांनी तो लगेच काढून टाकला.

कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी येऊन पाहिले. “छान. लहान पोरालाही कळेल,” ते म्हणाले. लहान पोराला काय कळेल, ते मात्र त्यांनी विचारले नाही.

मावशीला कळले. मावशी कारखान्यात झाडलोट करी आणि त्यानंतर चार घरची धुणी-भांडी. तिला वाचता येत नव्हते, पण डोळे होते. मुंगी, शेजारी कवटी. कामगारांच्या जेवणाच्या खोलीत मुंग्यांनी उच्छाद मांडला होता, तेव्हा तिने एका छोट्या बाटलीत थोडे ओतून घेतले आणि काठीला फडके बांधून कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरवले. वासाने तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. औषध कडक आहे, तिने मनाशी म्हटले.

आणि मुंग्या मेल्या! वर्षानुवर्षे न हटलेल्या मुंग्या एका दुपारीत साफ झाल्या. गुण आला म्हटल्यावर गवगवा व्हायला कितीसा वेळ लागतो? तीन आठवड्यांत मावशीच्या हातच्या बाटल्या कामगारांच्या घरी पोहोचल्या. तिने कुणाकडून काही घेतले नाही. जन्मात पहिल्यांदा लोक तिला काहीतरी मागत होते, आणि तिच्याकडे ते होते.

इकडे कॅनमधले आम्ल चार बोटे उतरले. काट्याच्या स्टोअरमध्ये चार बोटे म्हणजे आभाळ कोसळण्यासारखे. त्याने कॅनखाली परात ठेवली आणि सकाळपासून दुपारपर्यंत समोर स्टूल टाकून बसला. एक थेंब पडला नाही.

“काय शोधताय, साहेब?” मावशी शेजारून फरशी पुसत म्हणाली.

“गळतंय कुठेतरी.”

मावशीने परातीत वाकून पाहिले. “गळत नसेल, साहेब,” ती म्हणाली. “वापरात जात असेल.”

“वापर मला माहीत असतो,” स्टोअरकीपर म्हणाला.

त्याच आठवड्यात बाजारात मावशीला स्टोअरकीपरची बायको भेटली. पावडर मिळाली नव्हती, दुकान बंद होते, सासूला एकटी टाकून फार लांब जाता येत नव्हते. हे सगळे तिने रस्त्यात उभ्या उभ्या सांगितले. त्या सकाळी तिने म्हाताऱ्या पाठीवरून एकोणीस मुंग्या वेचल्या होत्या.

“अहो बाई, तुमच्या घरातच गंगा आणि तुम्ही तहानलेल्या?” मावशी म्हणाली. “तुमच्या साहेबांच्याच स्टोअरमधलं औषध आहे. डब्यावर मुंगी काढलीय आणि शेजारी कवटी. मी आणून देते.”

बाटली आली. पलंगाच्या चार पायांखाली चार बशा ठेवून त्यांत औषध ओतायचे, म्हणजे मुंगी वर चढणारच नाही, असे बायकोने ठरवले. विचार शहाणपणाचा होता. सासूला वारा सोसत नसे म्हणून खिडकी बंद होती. चौथी बशी भरताना हात हलला, आम्ल दोन्ही हातांवर सांडले, तिने पदराने पुसले आणि ती आग होते म्हणून मोरीकडे धावली. आतून म्हातारीच्या शिव्या ऐकू येत होत्या. मग खोकला ऐकू आला. मग नुसताच घरघराट.

आपल्याला शिव्या ऐकू येत नाहीत, या एका गोष्टीने सुनेच्या काळजाचे पाणी झाले. ती परत धावली. खोलीत डोळे उघडवेनात. तिने त्याच भाजल्या हातांनी सासूला पलंगावरून ओढले, फरफटत दारापर्यंत आणले आणि मास्तरांना हाक मारली.

इस्पितळातून कारखान्यात फोन गेला. “तुमच्या आईंना विषबाधा झालीय. मुंग्यांच्या औषधाची.”

स्टोअरकीपर रिक्षा करून निघाला तो रस्ताभर त्या न पाहिलेल्या दुकानदाराला शिव्या घालत. वॉर्डात आईच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. बायकोचे दोन्ही हात नळाखाली धरलेले होते. डॉक्टरीणबाई सुई भरून उभ्या होत्या.

“कुठलं कीटकनाशक ते कळलं असतं तर बरं झालं असतं,” त्या म्हणाल्या. “आता थांबण्यात अर्थ नाही, मी उतारा देते.”

“कुठून आणलंस हे?” स्टोअरकीपर बायकोवर कडाडला. “माणसाने काय लिहिलंय ते वाचून घ्यावं!”

बायकोने मानेने टेबलाकडे खूण केली. त्याने बाटली उचलली, बूच सैल केले, आणि वास नाकात शिरताच घट्ट लावले. हा वास तो एकतीस वर्षे ओळखत होता.

“थांबा! हे औषध नाही.”

“मग काय आहे?”

“मुंगी आहे.”

“काय?”

“मुंगीचं आहे. म्हणजे मुंगीसाठी नाही, मुंगीपासून. म्हणजे आता मुंगीपासून नाही काढत, पूर्वी—”

“अहो, मुंगी गेली खड्ड्यात! रसायनाचं नाव सांगा!”

“फॉर्मिक ॲसिड,” स्टोअरकीपर पुटपुटला. ज्या नावाचा अर्थ लिहून काढण्यात त्याने एक अख्खी संध्याकाळ घातली होती, ते नाव त्याच्या तोंडून सगळ्यांत शेवटी आले.

डॉक्टरीणबाईंनी सुई ट्रेमध्ये टाकली. “ही दिली असती तर जे वाचायचंय तेही गेलं असतं,” त्या म्हणाल्या आणि भराभर दुसऱ्या सूचना देऊ लागल्या.

तासाभराने त्या बाहेर आल्या. जीव वाचेल, फुप्फुसांना वेळ लागेल. घसा आतून भाजला आहे. “आवाजाचं मात्र काही सांगता येत नाही.”

मास्तर बाकावर बसले होते. हकीकत ऐकून त्यांचे डोळे चमकले. “म्हणजे मुंग्या मुंगीच्याच आम्लाने मेल्या! काय योगायोग आहे पाहा—” त्यांनी स्टोअरकीपरच्या बायकोकडे पाहिले आणि वाक्य तिथेच सोडले.

तिचे हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होते. ती रडत नव्हती. “तीनदा सांगितलं होतं पावडर आणा म्हणून,” ती नवऱ्याला म्हणाली.

“पण डब्यावर कवटी होती गं. धोका म्हणून मुद्दाम—”

“मुंगी, आणि शेजारी कवटी. काय समजायचं माणसाने? मुंगी मरते, हेच ना? ती कवटी मुंगीसाठी नाही, माझ्यासाठी आहे, हे कुठं लिहिलं होतं?”



तेवढ्यात मावशी धापा टाकत आली. बाईंचे हात पाहून तिने तोंडावर पदर धरला. “मी चांगल्यासाठी दिलं हो, साहेब! इतक्या घरी दिलं, कुणाला काही झालं नाही.”

स्टोअरकीपर ताडकन उठला. “किती घरी?”

मावशीने बोटे मोजली. “अकरा.”

मग ती दुपार दोघांनी रस्त्यात काढली. मावशी पुढे, तो मागे, हातात बादली. एका घरी बाटली फळीवर सरबताच्या बाटलीला खेटून होती. एका घरी म्हाताऱ्याने ती गुडघ्याला चोळायला काढली होती, कारण मुंग्या जाणारे औषध मुंग्या येण्यावरही चालेल असे त्याला वाटले. पायाला मुंग्या येत होत्या त्याच्या. स्टोअरकीपरने झडप घालून ती हिसकावली तेव्हा म्हाताऱ्याने त्याला काठी मारली. त्याला बरे वाटले. कुणीतरी मारायलाच हवे होते.

अकरावे घर मोठ्या साहेबांचे निघाले. मावशी तिथेही भांडी घासायला जात असे.

“मी नाही देणार,” साहेबांची बायको दारातच म्हणाली. “चार वर्षांनी मुंग्या गेल्यात.”

“बाईसाहेब, हे विषारी आहे.”

“विषारी आहे म्हणूनच तर गेल्या!”

शेवटी त्याने बायकोच्या हातांचे वर्णन केले. तपशीलवार, त्याच्या सवयीप्रमाणे. बाईंनी बाटली दिली आणि दार लावून घेतले.

चौकशी लागली. मुख्य कचेरीतून अधिकारी आले. मोठ्या साहेबांनी आदल्या दिवशीच स्टोअरकीपरला बोलावून घेतले. “सरळ प्रकरण आहे. झाडूवालीने चोरी केली. तिला काढू, तुमचं वर्ष सुखाने पार पडेल. तुम्ही फक्त गप्प बसा.”

त्या संध्याकाळी स्टोअरकीपरने घरी बायकोला भरवले. तिला चमचा धरता येत नव्हता. आतल्या खोलीत म्हातारी इस्पितळातून आणून निजवली होती. तिचे ओठ हलत, डोळे सुनेमागे फिरत, आणि काहीही ऐकू येत नसे. चार वर्षांत घर इतके शांत कधी नव्हते.

“बरं वाटायला हवं ना मला?” बायको एकाएकी म्हणाली. “पहिल्या दिवशी वाटलं. देवाशपथ वाटलं. आता कानाला सहन होत नाही.”

दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले, “आम्ल बाहेर कसं गेलं?” मावशी कोपऱ्यात उभी होती. स्टोअरकीपर उठला. त्याने आयुष्यात कधी मापात फरक केला नव्हता, की बोलण्यात.

“मीच दिलं,” तो म्हणाला. “हिला बाटली भरून मी दिली. घरी पोहोचव म्हणून.”

मोठे साहेब आ वासून पाहत राहिले. अधिकारी लिहू लागले. आणि मावशी फणकारली, “तुम्ही कधी दिलंत?”

“मावशी, गप्प बस.”

“का गप्प बसू? एक थेंब तरी कधी दिलाय का कुणाला यांनी? हात धुवायचा साबण चिरून देतात! मी चोरलं, साहेब. माझ्या हाताने चोरलं. कारखान्यातल्या मुंग्या गेल्या त्या माझ्यामुळे, आणि आता हे म्हणतात मीच दिलं!”

अधिकाऱ्यांनी लिहिलेले खोडले. “म्हणजे चोरी मान्य?”

“ती खोटं बोलतेय,” स्टोअरकीपर म्हणाला.

“हेच खोटं बोलतायत!”

गडबड ऐकून रंगारी दारातून डोकावला. चित्राला बक्षीस वगैरे लागले की काय, असे त्याला वाटले. “मुंगी मी काढली होती,” तो विनयाने म्हणाला.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवले. एका बाटलीला दोन चोर आणि एक चित्रकार, असे प्रकरण त्यांच्या हाती प्रथमच येत होते. “चित्र आहे, खूण आहे, भाषा लोकांची आहे. लेबल नियमाला धरून आहे,” ते परिपत्रकावर बोट फिरवत म्हणाले. “मग दोष कुणाचा? बरं, एकूण बाटल्या किती आणि कुणाकुणाकडे, तेवढं होऊन जाऊ दे.”

मावशी बोटे मोजत घरे सांगू लागली. दहाव्या घरानंतर तिने मोठ्या साहेबांकडे पाहिले. “आणि अकरावं म्हणजे—”

मोठ्या साहेबांना एकदम मोठा खोकला आला. खोकता खोकता त्यांनी सुचवले की दोघांनीही कबुली दिलीच आहे, तेव्हा आणखी खोलात कशाला जायचे? पोलिसांत देण्याइतके काही झाले नाही. मावशीला कामावरून कमी करावे आणि स्टोअरकीपरला वर्षभर आधी निवृत्त करावे. अधिकाऱ्यांना दुपारची गाडी गाठायची होती. तसेच ठरले.

दोघे एकाच वेळी फाटकाबाहेर पडले.

“कशाला बोललीस?” त्याने विचारले. “सुटली असतीस.”

“मला चोर म्हणा,” मावशी म्हणाली, “पण मी दिलं ते दुसऱ्या कुणी दिलं असं नका म्हणू.” मग थोडे चालल्यावर, “बाईंचे हात असे. आईंचं कोण करतं?”

“मी करतो. मला नीट येत नाही.”

ती त्याच्याबरोबरच घरी आली, आणि दुसऱ्या दिवशीही आली. तिने म्हातारीला कुशीवर वळवायला त्याला शिकवले, जखम पुसायला शिकवले. पावडर त्याने आणली होती. पलंगाभोवती रेघ ओढताना तो डबा तीनतीनदा वाचत असे. महिना गेला. बायकोच्या हातांवर नवी, गुलाबी, चकाकणारी कातडी आली. दोन बोटे वाकत नव्हती ती नव्हतीच. म्हातारी ओठ हलवत राहिली. डॉक्टरीणबाई पाहून गेल्या आणि आता आशा धरू नका, असे म्हणाल्या.

एका सकाळी मावशी म्हातारीची उशी बदलत होती. उशी झटकताना कोपरा म्हातारीच्या नाकाला लागला.

“कोण,” पलंगावरून फाटक्या भात्यासारखा आवाज आला, “कोण ही टवळी?”

मावशीच्या हातातली उशी पडली. बायको स्वयंपाकघरातून धावत आली आणि दाराला धरून मटकन खाली बसली. ती हुंदके देत होती की हसत होती, ते मावशीला कळेना.

“आवाज आला ते ठीक,” मावशी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “पण बोलल्या काय ते ऐकलंत का?”

स्टोअरकीपर अर्धी दाढी केलेला तसाच आला होता. त्याला नीट ऐकू आले नव्हते. तो पलंगाशी गुडघे टेकून बसला.

“आई,” तो म्हणाला, “परत म्हण.”

म्हातारीने दम घेतला. मावशीपासून सुरुवात केली, सुनेवर आली, आणि श्वास संपेपर्यंत मुलालाही सोडले नाही.